मुके पान आणि बोलके सूर

गाणे ऐकायचे असते, वाचायचे नसते, असा एक सर्वसाधारण समज आहे आणि तो बऱ्याच अंशी खराही आहे. तरीसुद्धा संगीताला वाहिलेली नियतकालिके आपल्या देशात शंभराहून अधिक वर्षे निघत आली आहेत. कागद मुका असतो हे ठाऊक असूनही त्याच्यावर सूर उतरवण्याचा मोह पिढ्यान्‌पिढ्या कुणाला ना कुणाला होतच असतो. पत्रकारिता, ललितकला किंवा संगीत शिकणाऱ्या विद्यार्थ्यांपैकी काही जण आजही प्रकल्प म्हणून संगीतविषयक मासिकाचा नमुना अंक तयार करण्याचे मनावर घेतात. असा अंक पूर्ण झाल्यावर मागे वळून एक टिपण लिहावे लागते. काय ठरवले होते, काय झाले आणि जे फसले ते का फसले, याचा तो हिशेब असतो. अनेकदा अंकापेक्षा हा हिशेबच अधिक मोलाचा ठरतो.

नांदेड-लातूर परिसरातील विद्यार्थ्याच्या दृष्टीने या हिशेबाला आणखी एक बाजू आहे. नांदेड येथे १९९४ साली स्थापन झालेल्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाच्या कक्षेत नांदेड, लातूर, परभणी आणि हिंगोली हे चार जिल्हे येतात. या विद्यापीठात माध्यमशास्त्राचे संकुल आहे, तसेच ललित व प्रयोगजीवी कलांचेही आहे. म्हणजे अंक कसा काढावा हे शिकणारा आणि गावे कसे हे शिकणारा, असे दोघेही एकाच आवारात भेटू शकतात. या दोघांनी मिळून काढलेल्या अंकात काय असावे, हा प्रश्न वाटतो तितका साधा नाही.

आधी वाचक, मग मुखपृष्ठ

नवख्या संपादकाचे लक्ष सर्वप्रथम जाते ते मुखपृष्ठाकडे. तंबोऱ्याचे छायाचित्र, त्यावर सोनेरी अक्षरांत नाव, अशी कल्पना डोक्यात घोळू लागते. वस्तुतः मुखपृष्ठ हे शेवटी ठरवायचे काम आहे. पहिला प्रश्न वाचकाचा. संगीताच्या मासिकाला साधारणतः तीन प्रकारचे वाचक मिळतात. पहिला, गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या प्रारंभिकपासून विशारद-अलंकारपर्यंतच्या परीक्षा देणारा विद्यार्थी. त्याला रागांची माहिती आणि बंदिशींची स्वरलिपी हवी असते. दुसरा रसिक श्रोता; त्याला कलावंताचे आयुष्य, मैफलींच्या आठवणी आणि नव्या ध्वनिमुद्रणांची ओळख हवी असते. तिसरा स्वतः कलावंत. आपल्या कामाची दखल कुठे तरी नीट घेतली जावी, एवढीच त्याची अपेक्षा असते. तिघांनाही खूश करायला निघालेला ३२ पानांचा अंक बहुधा तिघांनाही अपुरा वाटतो. म्हणून कोणाला किती पाने द्यायची, याचा तक्ता लेखनाला हात घालण्यापूर्वीच तयार व्हावा लागतो.

विभागांची आखणी करताना मराठवाड्यातील विद्यार्थ्याला फार दूर जाण्याचे कारण नाही. तेराव्या शतकात देवगिरीच्या यादव राजा सिंघणाच्या आश्रयाला असलेल्या शार्ङ्गदेवाने 'संगीतरत्नाकर' हा ग्रंथ रचला. स्वर, राग, प्रकीर्णक, प्रबंध, ताल, वाद्य आणि नृत्य असे त्याचे सात अध्याय आहेत. 'प्रकीर्णक' या अध्यायात गायकाचे गुणदोष, आवाजाचे प्रकार, वृंदाची रचना असे बरेच काही येते. आजच्या भाषेत सांगायचे तर ती त्या ग्रंथातली कलावंतांविषयीची पाने होत. विषयांची अशी स्पष्ट वाटणी साडेसातशे वर्षांपूर्वी याच प्रदेशात झाली होती, हे लक्षात घेतले तर अनुक्रमणिका हा केवळ यादीचा प्रकार नाही, तो विचाराचा प्रकार आहे, हे उमगते.

आधीच्यांनी काय केले

कोणताही नवा अंक काढण्यापूर्वी जुने अंक चाळावेत, हा संपादनातला पहिला धडा. पंडित विष्णु दिगंबर पलुस्कर यांनी ५ मे १९०१ रोजी लाहोरमध्ये गांधर्व महाविद्यालय सुरू केले. गाणे गुरूच्या घरातून बाहेर काढून सर्वसामान्यांपर्यंत न्यायचे, तर छापील पुस्तके हवीत आणि ती हवीत तर छापखाना हवा, हे त्यांनी ओळखले होते. स्वतःचा छापखाना, स्वतःची स्वरलिपी, पाठ्यपुस्तके आणि 'संगीतामृतप्रवाह' हे मासिक, असा सारा व्याप त्यांनी उभा केला. पुढे १९०८ मध्ये मुंबईत विद्यालय आले, मोठी वास्तू उभी राहिली आणि कर्जही झाले. ती वास्तू अखेर विकली गेली. संगीताच्या प्रसाराचे काम आर्थिकदृष्ट्या किती कठीण असते, याचे याहून बोलके उदाहरण सापडणे अवघड आहे.

१९३१ मध्ये पलुस्करांचे निधन झाल्यावर त्यांच्या शिष्यांनी एकत्र येऊन मंडळ स्थापन केले. या मंडळाने १९४७ मध्ये 'संगीत कला विहार' हे मासिक सुरू केले आणि प्रा. बी. आर. देवधर यांनी त्याच्या संपादनाची धुरा वाहिली. उत्तरेत हाथरस येथे प्रभुलाल गर्ग ऊर्फ काका हाथरसी यांनी १९३५ पासून 'संगीत' हे हिंदी मासिक चालवले होतेच. देवधरांनी भेटलेल्या, ऐकलेल्या आणि सहवासात आलेल्या गायक-वादकांची व्यक्तिचित्रे लिहिली. ती पुढे 'थोर संगीतकार' या पुस्तकात संग्रहित झाली. त्यातील कित्येक कलावंतांचे ध्वनिमुद्रण अत्यल्प आहे. त्यांचे बोलणे, शिकवण्याची तऱ्हा, विक्षिप्तपणा आणि औदार्य हे सारे आज ज्ञात आहे ते कोणी तरी वेळीच लिहून ठेवले म्हणून.

नांदेड-लातूरच्या विद्यार्थ्यासमोर नेमके हेच आव्हान आहे.

वेळ निघून जाण्याआधी

पंडित नाथराव नेरळकर यांचा जन्म १९३५ साली नांदेडचा. अण्णासाहेब गुंजकर यांच्याकडे त्यांचे शिक्षण झाले. पुढे तेव्हाच्या औरंगाबादेत, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, त्यांनी अनेक पिढ्यांना गाणे शिकवले. २०१४ च्या संगीत नाटक अकादमी पुरस्काराने त्यांचा गौरव झाला आणि मार्च २०२१ मध्ये ते गेले. नेरळकरांसारख्या मान्यवरांविषयी थोडेफार तरी लिहिले जाते. परंतु तालुक्याच्या गावी चाळीस वर्षे पेटी शिकवणारे शिक्षक, भजनी मंडळातले पखवाजवादक, लग्नसराईत सनई वाजवणारी घराणी यांच्याविषयी कोण लिहिणार? त्यांच्याबरोबर किती चाली, किती बोल आणि किती आठवणी नाहीशा होतात, याची मोजदाद कुठेच नसते.

या दोन जिल्ह्यांत विषयांचा दुष्काळ नाही. नांदेडच्या तख्त सचखंड श्री हुजूर साहिब येथे नित्य कीर्तन चालते. गुरू ग्रंथसाहिबाची मांडणीच मुख्यत्वे रागवार आहे आणि त्यात संत नामदेवांची पदेही समाविष्ट आहेत. परंपरेनुसार नामदेवांचे जन्मगाव असलेले नरसी हे शेजारच्या हिंगोली जिल्ह्यात आहे. इथला संत पंजाबात पोहोचला आणि त्याची वाणी शीख कीर्तनकारांच्या मुखातून पुन्हा गोदाकाठी आली, ही एकच गोष्ट एका विशेषांकाला पुरेशी आहे. माहूरगडावरील रेणुकेच्या निमित्ताने गोंधळी आणि आराधी यांची गाणी येतात. लोहा तालुक्यातील माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेत वाघ्या-मुरळी येतात, लावणीचे फड येतात. लातूर जिल्ह्यात औसा येथील नाथ संस्थानची चक्रीभजनाची परंपरा आहे. टाळ-मृदंगाच्या साथीने फेर धरून म्हटले जाणारे हे भजन पाहिल्याशिवाय समजत नाही. नांदेडमध्ये माजी मुख्यमंत्री शंकरराव चव्हाण यांच्या स्मरणार्थ 'संगीत शंकर दरबार' हा महोत्सव भरत आला आहे. म्हणजे शास्त्रीय, भक्तिपर आणि लोकसंगीत या तिन्ही धारा हाताच्या अंतरावर आहेत.

मग या सर्वांना अंकात समान स्थान द्यावे काय? येथे नवखा संपादक बहुतेक वेळा एक चूक करतो. शास्त्रीय गायकावर चार पानांचा लेख, आणि वाघ्या-मुरळीवर दोन रंगीत छायाचित्रे. एकाला विचार, दुसऱ्याला केवळ शोभा. पानांचा तक्ता समोर ठेवला की हा पक्षपात उघडा पडतो. कारण शब्दांत लपणारी गोष्ट आकड्यांत लपत नाही.

ठिपका वर की खाली?

संगीताच्या अंकाची खरी कसोटी लागते ती स्वरलिपीच्या पानावर. हिंदुस्थानी संगीतात दोन लेखनपद्धती प्रामुख्याने प्रचारात आहेत; एक पंडित विष्णु नारायण भातखंडे यांची, दुसरी पलुस्करांची. भातखंडे पद्धतीत कोमल स्वराखाली आडवी रेघ, तीव्र मध्यमावर उभी रेघ, मंद्र सप्तकासाठी अक्षराखाली ठिपका आणि तार सप्तकासाठी अक्षरावर ठिपका असतो. पलुस्कर पद्धतीत मात्र अक्षरावरचा ठिपका मंद्र सप्तक दर्शवतो आणि तार सप्तकासाठी उभी रेघ येते. म्हणजे 'सा'वर दिलेला एकच ठिपका एका पद्धतीत वरचा षड्ज ठरतो, तर दुसरीत खालचा! समेची खूणही भिन्न आहे. भातखंडे पद्धतीत समेला फुली आणि खालीला शून्य लिहितात. पलुस्कर पद्धतीत समेला एक हा आकडा आणि खालीला अधिक चिन्ह. अंकात कोणती पद्धत वापरली आहे, याची चौकट पहिल्याच स्वरलिपीशेजारी नसेल, तर वाचकाची दिशाभूल अटळ आहे.

संगणकावर ही अडचण आणखी गुंतागुंतीची होते. अक्षरावर ठिपका हवा म्हणून जुळणी करणारा अनुस्वार टाइप करतो. पडद्यावर ते बरोबर दिसते. पुढे ते पान मुद्रितशोधकाकडे जाते. त्याला गाण्याचा गंध नसेल तर 'सां' ही त्याला साधी शुद्धलेखनाची चूक वाटते. तो अनुस्वार काढून टाकतो आणि तार सप्तकातला षड्ज एका फटक्यात मध्य सप्तकात उतरतो. मंद्र सप्तकासाठी नुक्ता वापरण्याची सोय आहे. पण स्वर कोमल आणि मंद्र असा दोन्ही असेल, तर ठिपका आणि रेघ एकाच जागी येऊन एकमेकांवर चढतात. युनिकोडमध्ये वैदिक स्वरांसाठी ठेवलेली आडवी आणि उभी रेघ भातखंडे पद्धतीसाठी उपयोगी पडते, मात्र प्रत्येक फाँट त्या रेघा नीट दाखवतोच असे नाही. म्हणून फाँटची निवड शीर्षकाच्या देखणेपणावरून न करता, 'कोमल निषाद, मंद्र सप्तक' एवढे एक अक्षर छापून पाहून करावी, हे उत्तम.

श्रीलिपी, आकृती यांसारख्या जुन्या पद्धतीच्या फाँटमध्ये जुळवलेला मजकूर युनिकोडमध्ये आणतानाही अशीच फसगत होते. जोडाक्षरे तुटतात, रफार भलत्या अक्षरावर जातो आणि स्वरलिपीची चिन्हे तर नाहीशीच होतात. हे सर्व टाळण्याचा उपाय एकच: स्वरलिपी जाणणाऱ्या व्यक्तीने ती पाने छापील प्रतीवरून, प्रत्यक्ष गाऊन तपासणे.

सोळा मात्रांचे पान

पानाची चौकट ठरवतानाही ताल मध्ये येतो. त्रितालाच्या सोळा मात्रा असतात. ए-४ आकाराच्या पानाची रुंदी २१ सेंटिमीटर. दोन्ही बाजूंचा समास सोडल्यावर सुमारे १७ उरतात. एका आवर्तनाची एक ओळ धरली, तर प्रत्येक मात्रेच्या वाट्याला जेमतेम एक सेंटिमीटर येतो. तेच पान दोन स्तंभांत विभागले, तर मात्रेला अर्धा सेंटिमीटरही धड मिळत नाही आणि बंदिशीतले शब्द एकमेकांना ढकलू लागतात. म्हणून लेखांसाठी दोन स्तंभ आणि स्वरलिपीसाठी सलग पान, असा दुहेरी आराखडा सोयीचा ठरतो. दहा मात्रांचा झपताल किंवा सात मात्रांचा रूपक असेल, तर दंड कुठे येणार हे विभागांप्रमाणे बदलते. ते सौंदर्यदृष्टीने ठरवण्याची मुभा मांडणीकाराला नसते.

छायाचित्रांचे गणित याहून सोपे, पण तितकेच निष्ठुर आहे. छपाईसाठी ३०० डीपीआय घनता धरतात. मोबाइलवरून एकमेकांना पाठवताना आकसून १२८० पिक्सेल रुंदीचे झालेले छायाचित्र या हिशेबाने जेमतेम पावणेअकरा सेंटिमीटर रुंद छापता येते. म्हणजे पानाच्या अर्ध्या रुंदीइतके. मुखपृष्ठासाठी ते ताणले की तंबोऱ्याच्या तारा विरघळतात. मूळ फाइल मागून घ्यावी, हा धडा बहुतेकांना छापखान्यातच मिळतो.

कागद, प्लेट आणि कायदा

मध्ये पिन मारून बांधलेल्या अंकाची पाने चारच्या पटीत असावी लागतात; ऑफसेट छपाईत सोळा पानांचा एक फॉर्म धरतात. ३२ पानांचे दोन फॉर्म झाले. प्रत्येक फॉर्मच्या दोन बाजू, म्हणजे एकरंगी छपाईला चार प्लेट लागतात. तीच पाने चार रंगांत छापायची ठरवली, तर प्लेटची संख्या सोळावर जाते. प्रती दोनशे काढा किंवा दोन हजार, प्लेटचा खर्च तेवढाच राहतो. म्हणूनच थोड्या प्रतींसाठी डिजिटल छपाई परवडते आणि मोठ्या संख्येसाठी ऑफसेट. आतली पाने एकरंगी ठेवून मुखपृष्ठच रंगीत करण्याची जुनी पद्धत कंजूषपणातून आलेली नाही, ती या गणितातून आली आहे.

अंक महाविद्यालयाबाहेर नियमित विकायचा असेल, तर कायद्याचाही विचार करावा लागतो. १८६७ च्या जुन्या कायद्याची जागा आता नियतकालिकांच्या नोंदणीसंबंधीच्या २०२३ च्या कायद्याने घेतली असून, १ मार्च २०२४ पासून तो लागू झाला आहे. शीर्षकाची पडताळणी आणि नोंदणी ऑनलाइन होते. स्वामित्वहक्काचा मुद्दा तर नमुना अंकालाही चुकत नाही. कवीच्या निधनानंतर साठ वर्षांपर्यंत त्याच्या गीताचे हक्क अबाधित असतात. छायाचित्रांचे हक्क प्रकाशनापासून साठ वर्षे. आवडते गीत संपूर्ण छापणे आणि समीक्षेच्या ओघात त्यातली एखादी ओळ देणे, या दोन गोष्टी कायद्याने वेगळ्या मानल्या आहेत.

ज्या गाण्याला लेखी कवी नाही, त्याचे काय? येथे कायद्यापेक्षा नीतीचा प्रश्न मोठा आहे. हेमा राईरकर आणि गी पॉइटेवां यांच्या पुढाकाराने महाराष्ट्रभरातून जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या गोळा झाल्या. त्या संग्रहाचे वैशिष्ट्य केवळ आकड्यात नाही. ओवी गाणाऱ्या बाईचे नाव आणि गाव यांची नोंद तेथे ठेवली गेली. ओवी परंपरेची असली, तरी ती त्या दिवशी एका विशिष्ट गळ्यातून आली होती. संगीताच्या अंकाने एवढी एक शिस्त पाळली तरी पुष्कळ झाले.

हिशेबाचे टिपण

आज क्यूआर चिन्हाच्या साह्याने पान आणि ध्वनी यांची सांगड घालता येते. स्वरलिपीशेजारी तो छोटा चौकोन छापला की वाचक मोबाइल धरून बंदीश ऐकू शकतो. त्यामुळे कागदाचे मुकेपण बरेचसे संपले आहे, असे वाटू शकते. परंतु ध्वनिफितीतून कळत नाही ते कागदच सांगतो. गुरू कोण, ही चीज कुठून आली, हा बोल गावोगाव कसा बदलतो, साथीला कोण होते, हे सारे लिहावेच लागते. शिवाय दुवा बंद पडतो, मोबाइल बदलतो. ग्रंथालयातल्या कपाटात पडलेला अंक मात्र वाट पाहत राहतो.

पूर्ण झालेला अंक हातात घेऊन विद्यार्थी जेव्हा टिपण लिहायला बसतो, तेव्हा त्याला सर्वांत आधी दिसतात त्या चुका. एखादा रफार, एखादे फिकट छायाचित्र, घाईत कापलेला शेवटचा परिच्छेद. त्या क्षम्य असतात. पुढच्या अंकात सुधारता येतात. क्षम्य नसते ती एकच गोष्ट. मैफलीच्या छायाचित्राखाली मधल्या गायकाचे नाव असते आणि डावी-उजवीकडे बसलेल्या तबलजी आणि पेटीवाल्यांचा उल्लेख 'साथीदार' एवढाच असतो. आणखी वीस वर्षांनी ते नाव सांगणारे कोणी उरणार नाही. चित्रओळीला लागणारी एक ओळ आणि एक फोन, एवढ्याच श्रमात ते वाचवता आले असते. नांदेड-लातूरच्या संगीताचा इतिहास कधी लिहिला जाईल, तेव्हा लिहिणाऱ्याच्या हाताशी असे विद्यार्थ्यांनी काढलेले अंकच असतील, ही शक्यता मोठी आहे. त्यात नावे पूर्ण असावीत.